जुन्या रेडिओतला जर्मेनियम ट्रान्झिस्टर फझ पेडलसाठी कसा पारखावा

बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारली, की एखादा मेलेला ट्रान्झिस्टर रेडिओ नजरेस पडतोच. मागचं झाकण उघडून आत बघा. पेन्सिलीच्या मागच्या रबराएवढ्या पत्र्याच्या डब्या दिसल्या आणि त्यावर एसी१२८, एसी१२६ किंवा एसी१८८ असं काही छापलेलं असलं, तर घासाघीस करायला हरकत नाही. १९६६ साली आलेल्या फझ फेस या गिटारचा आवाज फाटका करणाऱ्या पेडलमध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टरच होते, म्हणून या डब्यांना अजून मागणी आहे. पण नंबरावर भाळू नका. एकाच नंबराचे दोन नग सख्ख्या भावांसारखे वागत नाहीत.

बाकीच्या मालाचा फार विचार नको. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकलेले असतात, ते टाकून द्या. नवे पुण्यातल्या तपकीर गल्लीत स्वस्तात मिळतात. पॉलिस्टर कंडेन्सर सहसा टिकतात. कार्बन रेझिस्टरचा रोध (ओहमचा आकडा) वयानुसार वाढतो, तेव्हा रंगपट्ट्यांवर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) रेडिओत घातक व्होल्टेज साठून राहू शकतं. अनुभव नसेल तर तो उघडूच नका.

ट्रान्झिस्टर काढताना पाय चिमट्याने धरा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. पाय जमतील तितके लांब ठेवा. या डब्यांवर रंगाचा ठिपका असतो, त्याच्या शेजारचा पाय कलेक्टर, मधला बेस आणि उरलेला एमिटर. मीटर डायोडवर ठेवून काळी वायर बेसला आणि लाल वायर आळीपाळीने उरलेल्या दोन पायांना लावा. दोन्हीकडे ०.१५ ते ०.३ व्होल्ट आले, तर तो पीएनपी (ट्रान्झिस्टरच्या दोन प्रकारांपैकी एक) जर्मेनियम. ०.६ च्या पुढे गेलं तर सिलिकॉन. शून्य आलं तर शॉर्ट, कचऱ्यात.

आता खरी परीक्षा. स्वस्त मीटरमधल्या गेन (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा) मोजायच्या खाचेत ट्रान्झिस्टर खोचून आलेला आकडा खरा धरू नका, कारण त्यात लीकेजही (बेसला काही न जोडताही झिरपणारा करंट) मिसळलेलं असतं. त्याऐवजी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या पाटीवर) एमिटर ९ व्होल्टच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडा. कलेक्टरपासून निगेटिव्हपर्यंत २.२ किलोओहम आणि २७० ओहमचे रेझिस्टर एकामागे एक लावा आणि या जोडीवरचं व्होल्टेज मोजा. बेस मोकळा असताना जे येईल ते लीकेज: ०.२५ व्होल्ट म्हणजे साधारण १०० मायक्रोअँपिअर. मग बेसपासून निगेटिव्हला २.२ मेगओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा वाचा. समजा १.०५ आलं. त्यातून ०.२५ वजा केले, उरले ०.८०, त्याला शंभराने गुणा. गेन ८०.

ही मोजणी करताना डबीला बोट लावू नका. नुसत्या बोटाच्या उबेने आकडा चढताना दिसतो. दर १० अंशांना लीकेज साधारण दुप्पट होतं, त्यामुळे जानेवारीत उत्तम वाटलेला नग पुण्याच्या एप्रिलातल्या दुपारी नखरे करू शकतो. माझं मत विचाराल तर उन्हाळ्यातच मोजावं. जो तेव्हा टिकला तो बारमाही. हात न लावताही पाच मिनिटं आकडा चढतच राहिला, तर नंबर कितीही नामांकित असो, तो नग बाजूला काढा.

फझ फेसच्या दोन ट्रान्झिस्टरांपैकी पहिला ७० ते ८०, दुसरा ११० ते १३० गेनचा असावा आणि लीकेज २०० मायक्रोअँपिअरच्या आत, म्हणजे आपल्या जोडणीत अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा कमी. निवडलेल्या जोडीवर गेन, लीकेज आणि मोजतानाचं तापमान लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. पेडलमध्ये ते थेट सोल्डर करण्यापेक्षा सॉकेटमध्ये बसवा, जोडी बदलून ऐकता येते. पीएनपीच्या पेडलमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह ग्राउंडला असतो, म्हणून बाकीच्या पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरच्या वायरवर ते लावू नका, शॉर्ट होईल. त्याला वेगळी बॅटरी द्या.