चेंडू आपल्याकडे, गोल त्यांचे: फुटबॉल प्रशिक्षकांनो, या चुका टाळा

6 डिसेंबर 2022. कतारच्या वर्ल्ड कपमध्ये स्पेन मोरोक्कोविरुद्ध 120 मिनिटं खेळला, हजाराहून अधिक पास दिले, आणि गोलच्या चौकटीत गेलेला त्यांचा फटका फक्त एक होता. पेनल्टी शूटआऊटमध्ये 3-0 ने ते बाहेर पडले. 2018 मध्ये रशियाविरुद्धही असंच झालं होतं. तेव्हाही पास हजारावर गेले होते, आणि स्पेनच्या नावावर लागलेला एकमेव गोल रशियाच्या इग्नाशेविचकडून झालेला स्वयंगोल होता.

कोल्हापुरात चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना शिकवताना मला हे सामने वारंवार आठवतात. आमची पोरंही चेंडू छान फिरवतात, पण गोलसमोर पोचत नाहीत. यात पोरांपेक्षा आपला सराव जास्त चुकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

चूक पहिली: दिशा नसलेला रोंडो

चौघं बाहेर, दोघं आत, दहा बाय दहा मीटरचा चौकोन. रोंडो, म्हणजे आतल्या दोघांना चेंडू न देता बाहेरच्यांनी पास फिरवायचा सराव, उत्तमच आहे, पण त्यात गोल कुठेच नसतो. वीस पास झाले की आपण टाळ्या वाजवतो, आणि पोरगं शिकतं की चेंडू जवळ ठेवणं हेच काम. सामन्यात मग तो पुढचा मोकळा साथीदार सोडून बाजूला पास देतो. त्याने आपलंच ऐकलेलं असतं.

उपाय सोपा आहे. चौकोनाच्या एका बाजूला पंचवीस-तीस मीटरवर गोल मांडा. आतल्या दोघांच्या मधून पास निघाला की चौकोन मोडला, आणि आता सहा सेकंदांत फटका मारायचा. आतले दोघं मागे धावतात, चौघं पुढे. नुसत्या पासांची मोजणी बंद करा. दोन आठवड्यांत पोरांची नजर मधल्या फटीकडे वळायला लागते.

चूक दुसरी: गोलकडे पाठ करून चेंडू घेणं

मधल्या फळीतला खेळाडू चेंडू घेतो तेव्हा त्याचं तोंड आपल्याच गोलकीपरकडे असतं. मागे कोण आहे ते माहीत नसल्यामुळे तो आला तसा परत देतो. त्याला ‘वळ, वळ’ ओरडून काही होत नाही, कारण न बघता वळला तर चेंडू जाणारच.

त्याच्या मागे उभं राहून बोटं दाखवा. चेंडू पायाशी येण्याआधी त्याने खांद्यावरून मागे बघून आकडा सांगायचा. शरीर तिरकं ठेवायचं आणि पासच्या दिशेपासून लांबच्या पायाने चेंडू घ्यायचा. आपल्या खडबडीत मातीच्या मैदानावर चेंडू उडतो, म्हणून पोरांची नजर चेंडूला चिकटलेली असते. त्यांना दोष देऊ नका. चेंडू साथीदाराच्या पायातून सुटला की लगेच एकदा मागे बघायचं, शेवटच्या दोन मीटरला डोळे पुन्हा चेंडूवर, अशी सवय लावा.

चूक तिसरी: बॉक्समध्ये माणसंच नाहीत

मला सगळ्यात जास्त खटकते ती ही. मैदानाच्या कडेने खेळणारा विंगर जीव तोडून गोलरेषेपर्यंत जातो, मान वर करतो, तर गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये एकटा स्ट्रायकर तीन डिफेन्डरांत अडकलेला. बाकीचे सगळे पास मागायला चेंडूजवळ गोळा झालेले.

विंगर रेषेकडे निघाला की तीन जागा भरल्याच पाहिजेत: गोलचा जवळचा खांब, लांबचा खांब आणि 11 मीटरवरचा पेनल्टीचा ठिपका. ठिपक्यावर येणारा खेळाडू उशिरा, धावत यावा. गोलरेषेजवळून मागे ओढलेला पास त्याच्यासाठीच असतो. तेव्हा डिफेन्डर स्वतःच्या गोलकडे धावत असतात आणि मागून येणारा त्यांना दिसत नाही. शिवाय पास देताना चेंडूच्या मागे असलेला खेळाडू ऑफसाइड (नियमाविरुद्ध पुढे उभा) धरला जात नाही. हा नियम पोरांना फळ्यावर काढून दाखवा. कळला की कडेवरून बॉक्समध्ये मारलेले उंच क्रॉस आपोआप कमी होतात.

सरावात मी एक अट घालतो: तिन्ही जागा भरलेल्या नसतील तर गोल धरायचा नाही. पहिल्या दिवशी पोरं चिडतात.

चूक चौथी: ‘फिनिशिंग कच्चं’ म्हणून मोकळं होणं

मग नेमबाजीच्या सरावाला वीस पोरांची रांग लागते. समोर डिफेन्डर नाही, आणि एकेकाचा नंबर पाच मिनिटांनी येतो. अशी रांग लावण्याआधी एका सामन्यात कागदावर बॉक्स काढून प्रत्येक फटक्याच्या जागी फुली मारा. फुल्या बॉक्सबाहेर असतील तर दोष नेमबाजीचा नाही, वरच्या तीन चुकांकडे परत जा. आत असूनही गोल होत नसतील तरच नेमबाजी घ्या, तीही पाठलाग करणाऱ्या डिफेन्डरसह.

चूक पाचवी: रेषेवरून ओरडणं

विरोधी गोलजवळ पोराने डिफेन्डरला चकवायचा प्रयत्न केला, चेंडू गेला, आणि आपण ओरडलो, ‘अरे, पास दे की!’ पुढच्या वेळी तो मागेच पास देणार. आमच्याकडे मैदानाचे तीन भाग ठरलेले आहेत. आपल्या गोलजवळच्या भागात धोका पत्करायचा नाही, मधल्या भागात बघून, आणि शेवटच्या भागात चेंडू गेला तरी कुणी काही बोलायचं नाही. फक्त गेलेला चेंडू परत मिळवायला पाच सेकंद सगळ्यांनी तुटून पडायचं. कडेला उभ्या असलेल्या पालकांनाही हे सामन्याआधी सांगून ठेवा.