मायक्रोपिपेट हातात घेतली की काय करायचं, काय नाही

लॅबला नवीन जॉइन झालेली मुलंमुली अॅनालायझरला (तपासणी करणाऱ्या मशीनला) घाबरतात आणि पिपेट, म्हणजे थेंबाएवढं ठरलेलं माप ओढून सोडायचं हातातलं साधन, मात्र पेन उचलावं तशी उचलतात, पण रिपोर्ट बऱ्याचदा चुकतो तो पिपेटवरच. साधा हिशोब बघा, शुगरच्या तपासणीला १००० मायक्रोलिटर (मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग) रीएजंटमध्ये, म्हणजे तपासणीच्या रसायनात, आपण १० मायक्रोलिटर सीरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी) टाकतो, त्या १० च्या जागी ११ गेलं की रिपोर्ट साधारण १० टक्के वर. म्हणजे उपाशीपोटी ११६ असलेल्याचं १२७ येणार, आणि डायबेटिस धरतात १२६ पासून. आणि हे एक मायक्रोलिटर म्हणजे केवढं, तर टिपला (पिपेटच्या टोकाला लावायच्या प्लॅस्टिकच्या नळीला) बाहेरून चिकटलेला टाचणीच्या डोक्याएवढा थेंब.

ही पिपेट मूळची जर्मनीची. आधी लोक काचेच्या पिपेटने तोंडाने ओढायचे, सीरमसुद्धा. मारबुर्गच्या हाइनरिख श्निटगर यांनी १९५७ ला स्प्रिंगच्या दट्ट्याची पिपेट बनवून पेटंटला टाकली आणि हॅम्बुर्गच्या नेटेलर आणि हिन्झ यांच्या कंपनीने ती बाजारात आणली, तीच आजची एपेंडॉर्फ (जिच्या नावाने आपण त्या झाकणाच्या छोट्या ट्यूबला पण हाक मारतो). मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे, कितीतरी टेक्निशियन त्याच्यामुळे इन्फेक्शनपासून वाचले असतील.

आता वापरायची कशी. मापाचा आकडा वाढवताना थोडा पुढे नेऊन मग मागे आणायचा, आणि रेंजच्या बाहेर जबरदस्तीने फिरवायचा नाही. टिप घट्ट बसली का बघायची, ढिली असेल तर हवा शिरते आणि कमी ओढलं जातं. नवीन टिप लावली की त्याच सीरमने दोनतीनदा भरून सोडायची, मगच खरं माप घ्यायचं.

अंगठ्याला दोन थांबे लागतात ते नीट ओळखा, सगळा खेळ तिथेच आहे. पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं, पिपेट सरळ उभी धरून टिप दोनतीन मिलिमीटरच बुडवायची, आणि अंगठा हळू सोडायचा, एकदम सोडला की बुडबुडा येतो. एक सेकंद थांबा, बाहेर काढा, टिप ट्यूबच्या कडेला टेकवून बाहेरचा थेंब काढा. पुसायचं असेल तर फक्त बाजूने, टोकाला टिश्यू लागला की आतलं पण शोषून घेतो. सोडताना टिप भिंतीला टेकवून पहिला थांबा, क्षणभर दम, मग दुसरा, आणि अंगठा दाबलेला ठेवूनच टिप बाहेर. भरताना दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबलंत तर जास्त ओढलं जाणार, नवीन मुलांची ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

घट्ट किंवा फेस येणारं काही असेल तर मात्र उलटं करतात, भरताना दुसरा थांबा, सोडताना पहिलाच, टिपमध्ये उरलेलं टिपसकट टाकून द्यायचं.

आणि टिपमध्ये सीरम असताना पिपेट आडवी ठेवू नका, मी हात जोडून सांगतो. मी पूर्वी होतो त्या लॅबमध्ये कुणीतरी फोन घ्यायला गेलं, पिपेट टेबलावर आडवी, सीरम आत दांड्यापर्यंत गेलं आणि सुकलं. पुढचे कित्येक दिवस ती पिपेट कमी ओढत होती आणि आमच्या लक्षात आलं ते कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला तपासणीचा नमुना) ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यावर, तोपर्यंत गेलेल्या रिपोर्टचं काय, हा विचार आजही मनातून जात नाही.

म्हणून महिन्यातून एकदा तपासा. १०० मायक्रोलिटरवर सेट करा, डिस्टिल्ड वॉटर दहादा काट्यावर सोडा, दरवेळी ०.१ ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. आयएसओ ८६५५ (पिपेटसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे १०० च्या पिपेटला सरासरीत ०.८ मायक्रोलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही, त्यामुळे एका मिलिग्रॅमपेक्षाही कमी फरक दाखवणारा बारीक काटा लागतो, नसेल तर कॅलिब्रेशनला पाठवा. आणि तपासल्याची तारीख पिपेटवरच चिकटवून ठेवा, रजिस्टरमध्ये लिहिलेली कुणी उघडून बघत नाही.