‘एनफोल्ड’ कुठे वापरायचा

पावसाळ्यात साताऱ्यातल्या आमच्या गच्चीवरून अजिंक्यतारा बघता बघता नाहीसा होतो. आधी माथ्यावरचे टॉवर, मग कडे, मग सगळंच धुक्याच्या पोटात. दहावीच्या मुलांना मी हेच दाखवते आणि ‘एनफोल्ड’ (enfold) हा इंग्रजी शब्द वापरून वाक्य लिहायला लावते: ‘मिस्ट एनफोल्डेड द फोर्ट.’ मराठीत ‘धुक्यानं किल्ला वेढला’ चालेल, पण वेढा शत्रूचाही असतो. एनफोल्डमध्ये बहुतेकदा माया असते, पदराखाली घेतल्यासारखी. म्हणून मला ‘कवेत घेतला’ जास्त जवळचं वाटतं.

माणसांबद्दल लिहिताना कर्मानंतर बहुधा ‘इन’ येतं: ‘शी एनफोल्डेड द चाइल्ड इन हर आर्म्स.’ आजी बाळाला जुन्या लुगड्याच्या गोधडीत गुरफटून घेते, तिथेही हाच शब्द शोभतो. कर्म मात्र हवंच. नुसतं ‘शी एनफोल्डेड’ अर्धवट राहतं.

एका मुलीनं वहीला कव्हर घातलं आणि ‘एनफोल्ड’ लिहिलं. तिथे ‘कव्हर’च हवं. पार्सलला ‘रॅप’, कपड्यांच्या घडीला ‘फोल्ड’, मैत्रिणीच्या मिठीला ‘हग’. एनफोल्ड हा लेखनातला भारदस्त शब्द. निबंधात एकदाच येऊ द्या. जुन्या पुस्तकात ‘इनफोल्ड’ दिसला तर तो हाच, फक्त स्पेलिंग वेगळं.