गावातील मंडळाने गरजू मुलांच्या शिक्षणासाठी साहाय्य कसे करावे

गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावात एखादे मंडळ असतेच. कुठे ते भजनासाठी जमलेले असते, कुठे शिगम्याच्या रोमटामेळासाठी, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीसाठी, तर कुठे सार्वजनिक चतुर्थीसाठी. दहा-पंधरा माणसे, थोडी शिल्लक आणि हाताशी असलेला वर्षानुवर्षांचा अनुभव एवढ्या भांडवलावर अशा मंडळाला गरजू मुलांसाठी पुष्कळ काही करता येते. मात्र हे काम बहुधा उलट्या टोकाने सुरू होते. आधी वर्गणी गोळा होते, मग घाऊक भावाने वह्या येतात, आणि त्या कोणाला द्यायच्या हा प्रश्न सर्वांत शेवटी पडतो. हा क्रम बदलला तर त्याच पैशांत दुप्पट उपयोगाचे काम होते, असा माझा अनुभव आहे. म्हणून पुढील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत, त्याच क्रमाने चालाव्यात.

सुरुवात शाळेपासून, आणि फेब्रुवारीतच

पूर्वी जूनचे वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवून मे महिन्यात धावपळ केली तरी चालत असे. 2025 पासून गोव्यात सहावीपासूनचे बहुतेक वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले आणि प्राथमिक वर्गांची सुरुवात जूनमध्ये राहिली. त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावंडांची गरज दोन वेगवेगळ्या महिन्यांत उभी राहते. फेब्रुवारीच्या मध्यास मंडळातील दोघांनी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांची आणि वर्गशिक्षिकेची भेट घ्यावी. जाण्यापूर्वी वेळ मागून घ्यावी आणि पाच-सात जणांचा घोळका नेऊ नये.

या भेटीत मुलांची नावे मागू नयेत. मागायची ती माहिती अशी : कोणत्या वर्गात किती मुलांना कोणती वस्तू कमी पडते, आणि शाळेकडून काय आधीच मिळते. शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेत पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत मिळायला हवेत. जे सरकारकडून यायचे आहे ते मंडळाने पुन्हा विकत घेतले, तर एकाच मुलाकडे दोन गणवेश आणि पायांत एकही धड चप्पल नाही, अशी स्थिती होते. सरकारी वस्तू उशिरा येणार असतील, तर तेवढ्या काळाची सोय करणे मात्र योग्य ठरेल.

शाळेनंतर अंगणवाडी सेविकेला अवश्य भेटावे. ती रोज वाड्यावाड्यांतून फिरते आणि कोणत्या घरात चूल पेटत नाही हे तिला पंचापेक्षा आधी कळते. गरज सगळीकडे सारखी दिसत नाही. बांधकामावरील मजुरांच्या खोल्यांतली गरज रस्त्यावरून जातानाही दिसते. डिचोली, सांगे, धारबांदोडा या खाणपट्ट्यात परिस्थिती वेगळी आहे. तिथे 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्यावर ज्यांचे ट्रक अंगणात उभे राहिले, त्या घरांना बाहेरून पाहून कोणी गरजू म्हटले नसते, आणि त्यांनी स्वतःहून मागितलेही नसते. डोंगरावरच्या धनगरवाड्यांवरील मुलांची अडचण बहुधा वह्यांची नसते, ती शाळेपर्यंतच्या वाटेची असते. विधवा आई, आजीजवळ राहणारी भावंडे, घरातले दीर्घ आजारपण या गोष्टी शिक्षिकेला ठाऊक असतात. मंडळाला एवढेच कळले पुरे की अमुक वर्गात तीन मुलांना मदत हवी आहे. ती तीन मुले कोण, हे शिक्षिकेपाशीच राहू द्यावे.

शाळेबाहेर राहिलेले मूल

अशा फेऱ्यांत एखादे असे मूल हमखास भेटते, जे शाळेत जातच नाही. बहुतेकदा त्याचे आईवडील कर्नाटक, उत्तर प्रदेश किंवा झारखंडातून कामासाठी आलेले असतात, जुन्या शाळेचा दाखला गावी राहिलेला असतो, आणि जन्मदाखला कधी काढलेलाच नसतो. दाखला नसल्यामुळे प्रवेश मिळणार नाही, असे पालक धरून चालतात. कायदा तसे म्हणत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हेही कारण चालत नाही, आणि मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवावे लागते.

इथे मंडळाने एकच काम करावे : पालकांसोबत शाळेत जावे. मजुरीवर जाणाऱ्या माणसाचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो, अर्ज मराठीत किंवा इंग्रजीत भरायचा असतो, आणि कार्यालयाच्या दारात उभे राहण्याचाच त्याला संकोच वाटतो. कोणी गावातले सोबत असले की तेच काम एका सकाळी होते. दप्तरवाटपाच्या सबंध कार्यक्रमापेक्षा अशी एक सकाळ मला मोलाची वाटते.

वस्तू निवडताना

वह्यांच्या बाबतीत शिक्षिकेला विचारल्यावाचून एकही गठ्ठा उचलू नये. पहिली-दुसरीच्या मुलांना मराठीसाठी दुरेघी, इंग्रजीसाठी चाररेघी आणि गणितासाठी चौकटीची वही लागते. त्यांच्या हातात दोनशे पानी एकरेघी वह्या दिल्या, तर त्या घरी मोठ्या भावाकडे जातात किंवा तशाच पडून राहतात. वर्गनिहाय यादी हातात घेऊन गेल्यास म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात घाऊक दुकानदारही नीट भाव लावतो, आणि न लागलेला माल परत घेण्याचे आधीच ठरवून घेता येते.

पादत्राणांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण सर्वांत जास्त पैसा तिथेच वाया जातो. वयावरून माप धरू नये. शाळेत एका दुपारी कोऱ्या कागदावर मुलाला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करावे आणि पेन्सिल सरळ धरून पावलाची आकृती काढावी. दोन्ही पावलांची काढावी, कारण एक पाऊल बहुधा किंचित मोठे असते, आणि माप मोठ्याचे धरावे. हे काम दुपारनंतर करण्याचे कारण असे की दिवसभराच्या चालण्याने पाऊल थोडे पसरलेले असते. कागदाच्या मागे नावाऐवजी शिक्षिकेने दिलेला क्रमांक लिहावा. दुकानात तो कागद कापून सरळ बुटात घालून पाहावा आणि पुढे अंगठ्यापाशी बोटभर जागा सोडावी. मापे सगळ्याच वर्गाची घ्यावीत, निवडक मुलांची नव्हे, म्हणजे कोणालाही वेगळे काढल्यासारखे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही दोन वर्षे चुकून मग शिकलो. जूनमध्ये काळे बंद बूट देऊ नयेत. आपल्याकडच्या पावसात ते एकदा भिजले की आठवडाभर सुकत नाहीत, आतून बुरशी धरतात, आणि मूल पुन्हा अनवाणी येऊ लागते. तोवर पाऊलही वाढलेले असते. शाळेची परवानगी घेऊन पावसाळ्यासाठी पट्ट्याचे प्लास्टिकचे सँडल द्यावेत, आणि बूट चतुर्थीच्या सुट्टीनंतर नव्याने माप घेऊन द्यावेत. रेनकोट दप्तरासकट अंग झाकेल असा, पण गुडघ्याच्या फार खाली न येणारा घ्यावा. छत्री लहान मुलाच्या हातात वाऱ्यापुढे टिकत नाही.

जुने कपडे गोळा करण्याचे आवाहन शक्यतो करू नये. त्यातले निम्मे नाकारावे लागतात, आणि देणाऱ्याचे मन दुखावते ते वेगळेच. जुनी सायकल मात्र जरूर घ्यावी. ब्रेक, चेन आणि टायर पाहून घेतले की दूरच्या वाड्यावरच्या मुलीचे माध्यमिक शिक्षण त्या सायकलीवर टिकते.

पैसे आणि पावत्या

यादी पक्की झाल्यावरच वर्गणीला निघावे. ‘मुलांसाठी काहीतरी द्या’ असे म्हणण्यापेक्षा ‘अमुक इतके सँडल हवे आहेत’ असे सांगितले की लोक मोकळ्या हाताने देतात. मंडळ 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलेले नसेल, तर आधी नोंदणी करून संस्थेच्या नावाने बँकेत खाते उघडावे आणि पैसे काढण्यासाठी दोन सह्या ठेवाव्यात. एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर देणग्या घेणे टाळावे. तो माणूस कितीही सचोटीचा असला, तरी पुढे त्याच्यावरच बालंट येते. रोख देणगीलाही क्रमांक असलेली पावती द्यावी. आयकरातली 80जी म्हणून ओळखली जाणारी सवलत फक्त त्यासाठी मान्यता मिळालेल्या संस्थेच्या देणगीदारांनाच मिळते, आणि दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही. मान्यता नसताना तसे आश्वासन कोणालाही देऊ नये.

गोव्यात एक बाब विशेष सांभाळावी लागते. आखातात किंवा बोटीवर नोकरी करणारा गावकरी भारतीय पासपोर्टवर असेल, तर त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी घेण्यास हरकत नाही. पण ज्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे, तो आपल्याच वाड्यावर जन्मलेला असला, तरी 2010 च्या विदेशी अंशदान कायद्याच्या दृष्टीने त्याची देणगी विदेशी ठरते. ती घेण्यासाठी केंद्र सरकारकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठीचे खाते नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावे लागते. लहान मंडळाला हे झेपणारे नाही. अशा आप्ताला कारण समजावून सांगावे आणि देणगी नम्रपणे परत करावी. सुट्टीत घरी आल्यावर त्याने आपला वेळ दिला, तर तो आनंदाने घ्यावा.

वाटप

पहिल्या वर्षी आम्ही मंडळाच्या वार्षिक पूजेच्या दिवशी मंडपात वाटप केले होते. प्रमुख पाहुणे होते, ध्वनिक्षेपकावरून एकेकाचे नाव पुकारले गेले, टाळ्याही वाजल्या. सहावीतली एक मुलगी दप्तर घेऊन पायऱ्या उतरताना ते आपल्या फ्रॉकच्या मागे धरून चालत होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेत जुनीच कापडी पिशवी घेऊन आली. ‘नवे दप्तर कुठे?’ असे बाईंनी विचारल्यावर ती काही बोलली नाही. पावसाळा संपेपर्यंत तिने ते वापरले नाही. तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी तिला मंडपात पाहिले होते. हे बाईंकडून कळले, त्या दिवसापासून आम्ही मंचावरचे वाटप बंद केले.

आता वस्तू शाळेच्या कपाटात पोचवाव्यात आणि शिक्षिकेने त्या आपल्या सवडीने, इतर साहित्याबरोबर द्याव्यात. वस्तूवर मंडळाचे नाव छापू नये. दप्तरावरचे देणगीदाराचे नाव मुलाला वर्षभर पाठीवर वागवावे लागते. मुलांची छायाचित्रे काढू नयेत. देणगीदारांना दाखवायचेच असेल तर मांडून ठेवलेल्या वह्यांचे आणि सँडलांचे छायाचित्र पाठवावे, सोबत खर्चाचा तक्ता द्यावा. जे मूल कायद्याच्या अर्थाने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले आहे, त्याचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमाने मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यासाठी होऊ शकते.

संध्याकाळचा अभ्यास

वस्तूंपुढे जाण्याची तयारी असलेल्या मंडळाने आठवड्यातून तीन दिवस तासाभराचा अभ्यासवर्ग घ्यावा. जागा निवडताना देवळाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या मुक्कामाची इमारत, सोयीची वाटली तरी पंचायतीचे सभागृह किंवा शाळेचा वर्ग मागावा, म्हणजे कोणत्याही घरातल्या मुलाला आत येताना अडखळावे लागणार नाही. परप्रांतातून आलेली मुले खेळता खेळता काही महिन्यांत अस्खलित कोंकणी बोलू लागतात, पण मराठी पुस्तक वाचताना ती अडतात. घरी हिंदी बोलणारे मूल ‘फळ’ हा शब्द ‘फल’ असा वाचते, कारण ‘ळ’ त्याच्या कानांवरून कधी गेलेलाच नसतो. त्याला हसणाऱ्या मुलांना थांबवावे, ‘बाळ, माळ, शाळा’ हे शब्द त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणावेत, आणि वाचन येईपर्यंत त्याला नवा धडा देण्याची घाई करू नये.

या वर्गाला काही नियम मात्र कडक असावेत. कोणत्याही मुलासोबत एकटा प्रौढ कधीही थांबणार नाही, निदान दोघे असतील. दार उघडे राहील. मुलाला घरी सोडायचेच झाले तर दोघे जातील. स्वयंसेवक नवा असो वा मंडळाचा अध्यक्ष, नियम सर्वांना सारखा. एखाद्या मुलाने मारहाणीची किंवा त्याहून वाईट काही गोष्ट सांगितली, तर ती शांतपणे ऐकावी, खोदून विचारू नये, आणि आपापसात चौकशी करत बसू नये. 1098 या मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो. लैंगिक अत्याचाराचा प्रकार असेल, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे ज्याला ती गोष्ट समजली त्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. गावची अब्रू जाईल, म्हणून गप्प राहा, असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नये.

वर्षाच्या मध्यावर

बहुतेक मंडळांचे काम वाटपाबरोबर संपते. मुलांच्या वह्या मात्र दिवाळीच्या सुमारास संपतात. म्हणून खरेदीतल्या साधारण चौथ्या भागाच्या वह्या बाजूला काढाव्यात, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून शाळेच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवाव्यात, आणि किल्ली बाईंकडेच असू द्यावी. खालच्या खणात ओल चढते. पाऊस ओसरला की थांबलेली बांधकामे पुन्हा सुरू होतात, मजुरांची नवी कुटुंबे येतात, आणि नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी वर्गाच्या दारात एक नवे मूल रिकाम्या हातांनी उभे राहते. बाईंनी त्याला बाकावर बसवून तेव्हाच कपाट उघडावे.