रिकामी प्लेट पाहून खूश होऊ नका : जिवाणूरोधक चाचणीतल्या चुका

महाप्यातल्या लॅबमध्ये मी जिवाणूरोधक कापड आणि प्लास्टिक तपासते. दर पावसाळ्यात नवी मुलं रुजू होतात आणि त्याच चुका पुन्हा होतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे न्यूट्रलायझर, म्हणजे सँपलमधून सुटलेलं जिवाणूरोधक रसायन निष्क्रिय करणारं द्रव्य, न वापरणं. एकदा चांदीचं कोटिंग असलेलं प्लास्टिक आलं. नव्या मुलाने त्यावर ई. कोलाय जिवाणू लावून २४ तास ठेवलं, साध्या सलाइनने धुतलं आणि ते पाणी अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर पसरलं. दुसऱ्या दिवशी एकही कॉलनी (वाढलेल्या जिवाणूंचा ठिपका) नाही! रिपोर्ट टाइप व्हायला गेला, तेवढ्यात मी विचारलं, "थायोग्लायकोलेट घातलं होतंस?" नव्हतं घातलं. चांदीला निष्क्रिय करणारा हा न्यूट्रलायझर. कोटिंगमधून सुटलेली चांदी त्या पाण्यातून प्लेटवर आली, तर ती तिथेही वाढ दाबून धरते. मग जिवाणू प्लास्टिकवर मेले की प्लेटवर अडले, हे कळणार कसं? थायोग्लायकोलेट घालून चाचणी पुन्हा केली, तर कॉलन्या मोजता येईनात इतक्या. ग्राहकाने तोवर पाकिटं छापायला टाकली होती. तीन आठवडे फोनवर वाद चालला, पण रिपोर्ट बदलला नाही.

लेसिथिन आणि ट्वीन ८० क्वाटसाठी (क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशकांसाठी) चालतात, चांदीला त्यांचा उपयोग नाही. थायोग्लायकोलेट जास्त झालं तर तेच जिवाणूंना मारतं. म्हणून मी दर नव्या सँपलला आधी दोन नळ्या लावते : एकीत नुसत्या सलाइनमध्ये जिवाणू, दुसरीत न्यूट्रलायझर, सँपलचं धुवण आणि तेवढेच जिवाणू. दोन्हींची मोजणी जुळल्याशिवाय पुढे जात नाही. यात एक दिवस जास्त जातो, आणि तो वाचवायची घाई मला मान्य नाही.

दुसरी चूक झोनची, म्हणजे अगारवर सँपलभोवती जिवाणू न वाढलेल्या कड्याची. "झोन आला नाही, मटेरियल फेल," असं एम.एस्सी.ची मुलं छातीठोक सांगतात. पृष्ठभागाला घट्ट बांधलेलं रसायन अगारमध्ये पसरतच नाही, मग झोन येणार कुठून? उलट अगार ४ मिलिमीटरपेक्षा पातळ ओतला, तर झोन फुगून मोठा दिसतो. त्यामुळे दोन मटेरियलची तुलना झोनच्या मापाने करू नका.

कल्चरचा (जिवाणू असलेल्या द्रवाचा) गढूळपणा अंदाजाने ठरवू नका. ०.५ मॅकफारलंड या गढूळपणाच्या प्रमाण-द्रावणाशी जुळवा, म्हणजे मिलिलिटरला साधारण १५ कोटी जिवाणू, आणि १५ मिनिटांत वापरा.

पावसाळ्यात प्लेटच्या झाकणाला पाणी धरतं आणि कॉलन्या एकमेकींत मिसळतात. प्लेट लॅमिनारमध्ये (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटात) झाकण किंचित उघडं ठेवून सुकवा.

"९९ टक्के मारले" हे ऐकून भारावू नका. १० लाखांतले १० हजार अजून जिवंत आहेत.

आयएसओ २२१९६ या प्लास्टिकसारख्या पृष्ठभागांच्या जिवाणूरोधक चाचणीत सँपल ३५ अंशांवर, ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत, फिल्मखाली २४ तास ओलं राहतं. ठाणे स्टेशनच्या जिन्याचा कठडा असा कधी राहतो? ही अट मी रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहिते, ग्राहकाला आवडो वा न आवडो.