होमरनवीरांची तुलना कशी करावी : क्रिकेट जाणणाऱ्यांसाठी

१८९५ साली जगाच्या दोन टोकांना दोन फलंदाज जन्मले. कोट्टारी कनकैया नायडू नागपुरात आणि जॉर्ज हर्मन रूथ, म्हणजे पुढचा बेब रूथ, अमेरिकेतील बाल्टिमोरमध्ये. नायडूंनी १९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखाना मैदानावर एमसीसीविरुद्ध १५३ धावा करताना ११ षटकार मारले आणि पुढच्याच वर्षी रूथने एका हंगामात ६० होमरनचा विक्रम केला. नायडूंनी आयुष्यात एकंदर किती षटकार मारले, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. ते कोणासमोर, कुठे आणि कोणत्या काळात मारले, यावरच त्यांची थोरवी आपण जोखतो. बेसबॉलचा विषय निघाला की मात्र आपला पहिला प्रश्न एकच असतो : सर्वांत जास्त कोणाचे?

शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळणाऱ्या माझ्या भाच्यानेही मागच्या उन्हाळ्यात तेच विचारले. उत्तर त्याने स्वतःच फोनवर शोधले होते : बॅरी बाँड्स ७६२, हँक आरॉन ७५५, बेब रूथ ७१४, आल्बर्ट पुहोल्स ७०३. "मामा, मग बाँड्सच सर्वांत मोठा ना?" या प्रश्नावर मी त्याला वहीचे एक पान आडवे धरून रकाने आखायला सांगितले. तो तक्ता कसा भरायचा, हे येथे सविस्तर सांगत आहे.

रकाने आखण्यापूर्वी आपण नेमके काय मोजत आहोत, हे समजून घ्यावे. क्रिकेटमध्ये चेंडू कोणत्याही दिशेने सीमेपार गेला तरी चालतो. यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेलेल्या कडेलाही सहा धावा मिळतात. बेसबॉलचे मैदान मात्र काटकोनाच्या पाचरीसारखे असते. त्या काटकोनाच्या दोन्ही भुजांच्या शेवटी उंच खांब उभे असतात आणि चेंडू त्या खांबांच्या आतून, टप्पा न पडता कुंपणापार गेला तरच सहसा होमरन होतो. खांबाबाहेरून कितीही लांब गेला तरी तो फटका फुकट. अंतराचा फरकही मोठा आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून जास्तीत जास्त ९० यार्ड, म्हणजे सुमारे ८२ मीटर दूर ठेवता येते. बेसबॉलमध्ये दोन्ही कडांना साधारण १०० मीटर आणि समोर सुमारे १२० मीटर अंतर असते. नागपूरच्या जामठा मैदानावर प्रेक्षकांत पडणारे कितीतरी षटकार तेथे क्षेत्ररक्षकाच्या हातात अलगद विसावतील. एक जुनी तरतूदही लक्षात ठेवावी. १९३० च्या सुमारापर्यंत टप्पा पडून कुंपणाबाहेर गेलेला चेंडूही होमरन धरला जात असे. आज त्यावर फलंदाजाला फक्त दोन बेस, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या चार थांब्यांपैकी दोन, मिळतात.

पहिला रकाना संधीचा. आपण फलंदाजाचा स्ट्राइक रेट पाहतो, तसे येथे एका होमरनसाठी किती 'ॲट-बॅट', म्हणजे फलंदाजीच्या पाळ्या, लागल्या ते पाहावे. एकूण ॲट-बॅटला होमरनच्या संख्येने भागले की आकडा मिळतो आणि तो जितका लहान तितका चांगला. भाच्याने भागाकार केले, मी पडताळले. आरॉनचे १२,३६४ ॲट-बॅट आणि ७५५ होमरन, म्हणजे १६.४. बाँड्सचे ९,८४७ आणि ७६२, म्हणजे १२.९. रूथचे ८,३९९ आणि ७१४, म्हणजे ११.८. मार्क मॅग्वायरचे ६,१८७ आणि ५८३, म्हणजे १०.६. फोनवरच्या यादीत कितीतरी खाली असलेला मॅग्वायर एका भागाकाराने सर्वांच्या वर येऊन बसला, तेव्हा भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

येथे एक सावधगिरी हवी. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार चेंडू मारण्याजोग्या कक्षेबाहेर टाकले तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. याला 'वॉक' म्हणतात आणि तो ॲट-बॅटमध्ये धरला जात नाही. त्यामुळे ज्याला पिचर घाबरतात, त्याला मारण्याजोगे चेंडूच कमी मिळतात. २००४ चा बाँड्स हे याचे टोकाचे उदाहरण आहे. त्या हंगामात त्याला २३२ वेळा वॉक मिळाला आणि त्यांतले १२० वॉक तर प्रतिपक्षाने उघडपणे, ठरवून दिलेले होते. उरलेल्या ३७३ ॲट-बॅटमध्ये त्याने ४५ होमरन मारले. गल्ली क्रिकेटमध्ये धुवांधार मारणाऱ्या पोराला मुद्दाम लांबचे चेंडू टाकतात, तसाच हा प्रकार, फक्त तो जगातील सर्वोच्च पातळीवर आणि नियमाच्या चौकटीत चालला होता. म्हणून ॲट-बॅटच्या शेजारी वॉकचा आकडाही अवश्य लिहावा. बाँड्सचे कारकिर्दीतील २,५५८ वॉक हा आजही विक्रम आहे.

दुसरा रकाना माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे : त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर कोण होता आणि तो किती मागे होता? काळ बदलला की चेंडू, मैदाने, पिचरची तयारी आणि नियम असे सगळेच बदलते. पण एकाच वर्षी खेळणाऱ्यांना ते सगळे सारखेच लागू असते. १९११ ते १९१४ अशी सलग चार वर्षे अमेरिकन लीगमध्ये (अमेरिकेतील सर्वोच्च पातळीच्या 'मेजर लीग'च्या दोन गटांपैकी एक) सर्वाधिक होमरन मारणाऱ्या फ्रँक बेकरला लोक 'होमरन बेकर'च म्हणू लागले होते, परंतु त्याची एका हंगामातील सर्वोच्च संख्या होती १२. तेव्हा एकच चेंडू मळून, मऊ पडून काळा होईपर्यंत वापरला जाई आणि पिचर त्यावर थुंकीही लावत. १९२० च्या हंगामापासून थुंकीवर बंदी आली. जुन्या मोजक्या पिचरना तेवढी सूट मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून दगावला आणि त्यानंतर मळलेले चेंडू तातडीने बदलण्यावर भर आला.

नेमक्या याच सांध्यावर रूथ उभा होता. बोस्टन रेड सॉक्सकडे तो आला तो पिचर म्हणून. १९१६ मध्ये २३ आणि १९१७ मध्ये २४ सामने त्याने पिचर म्हणून जिंकले आणि त्या वर्षांत रोज फलंदाजी करण्याची संधी त्याला मिळालीच नाही. १९१९ मध्ये त्याने २९ होमरनचा विक्रम केला. त्या हंगामानंतर बोस्टनने त्याला न्यूयॉर्क यांकीजला विकले आणि १९२० मध्ये त्याने ५४ होमरन मारले. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावरच्या जॉर्ज सिस्लरचे होते १९. अमेरिकन लीगमधील इतर सात संघांपैकी एकाही संघाच्या सगळ्या खेळाडूंची बेरीज ५४ पर्यंत पोहोचली नाही. १९२७ मध्ये ६० मारले तेव्हाही एकट्या रूथची संख्या लीगमधील इतर कोणत्याही संघापेक्षा जास्त होती. त्या वर्षी मात्र त्याच्या मागोमाग लू गेरिग ४७ वर होता आणि तोही त्याच्याच संघात.

आता याच्या शेजारी पुढचे विक्रम मांडून पाहावेत. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ मारले, तेव्हा त्याचा सहकारी मिकी मँटल ५४ वर होता. १९९८ मध्ये मॅग्वायरने ७० मारले, तर सॅमी सोसाने ६६. २००१ मध्ये बाँड्सच्या ७३ मागे सोसाचे ६४ होते. २०२२ मध्ये आरॉन जजच्या ६२ मागे काइल श्वारबरचे ४६ होते. हा १६ चा फरक पाहता जजचे ते वर्ष मी बाँड्सच्या ७३ च्याही वर ठेवतो. हे मत अनेकांना पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

हँक आरॉनला मात्र या रकान्याने जोखू नये. त्याने एकाही हंगामात ५० होमरन मारले नाहीत. त्याची सर्वोच्च संख्या ४७, तीही १९७१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी. त्याचे मोठेपण सातत्यात आहे. १९५५ ते १९७४ अशी सलग २० वर्षे त्याने दर हंगामात किमान २० होमरन मारले. एका रात्रीच्या मुसळधार सरीपेक्षा चार महिने नेमाने पडणारा पाऊस विहीर भरतो, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. १९७३ चा हंगाम संपला तेव्हा तो ७१३ वर होता, रूथपेक्षा फक्त एकाने मागे. एक कृष्णवर्णीय खेळाडू रूथला मागे टाकणार, हे सहन न होणाऱ्यांच्या धमक्यांची आणि शिवीगाळीची पत्रे झेलत त्याला पूर्ण हिवाळा काढावा लागला. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात, चौथ्या इनिंगमध्ये, प्रतिस्पर्धी डॉजर्स संघाच्या अल डाउनिंगचा चेंडू कुंपणापार धाडून त्याने रूथला मागे टाकले आणि पलीकडे उभ्या असलेल्या त्याच्याच संघातील टॉम हाउस या पिचरने तो झेलला. आरॉन बेसवरून धावत असताना दोन तरुण प्रेक्षक मैदानात घुसून त्याच्याबरोबर पळू लागले, आणि तो परतताच त्याच्या आईने त्याला घट्ट मिठी मारली. त्या रात्रीचे चित्रण उपलब्ध आहे. तक्ता भरून झाल्यावर ते एकदा अवश्य पाहावे.

तिसरा रकाना मैदानाचा, आणि तो भरणे सोपे आहे. घरच्या मैदानावर किती आणि बाहेर किती, एवढेच लिहावे. न्यूयॉर्क जायंट्सच्या मेल ऑटने ५११ पैकी ३२३ होमरन घरच्या पोलो ग्राउंड्सवर मारले. तेथे उजव्या कडेचे कुंपण अवघ्या २५८ फुटांच्या आसपास होते आणि ऑट डावखुरा असल्यामुळे ते त्याला आयतेच सापडले होते. आरॉनचे घरचे ३८५ आणि बाहेरचे ३७०, म्हणजे त्याला मैदानाचा टेकू लागला नाही. डेन्व्हरचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे आणि विरळ हवेत चेंडू अधिक लांब जातो, म्हणून २००२ पासून तेथे चेंडू आर्द्रता राखणाऱ्या खोलीत साठवतात. नागपूरची उंची सुमारे ३१० मीटर असल्यामुळे तो लाभ आपल्याला नाही. तापलेली हवाही विरळ असते हे खरे, पण मे महिन्यात दुपारी मैदानावर उभे राहणार कोण?

चौथा रकाना शेऱ्यांचा. त्यात आकड्याआड दडलेल्या गोष्टी लिहाव्यात, आणि येथे हात आखडता घेऊ नये. १९६१ मध्ये अमेरिकन लीगचा हंगाम १५४ वरून १६२ सामन्यांचा झाला होता आणि मॅरिसचा ६१ वा होमरन शेवटच्या सामन्यात आला, म्हणून त्याचा विक्रम बरीच वर्षे रूथच्या विक्रमापासून वेगळा नोंदवला जाई. रूथच्या समोर शेरा असा हवा की, त्याच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची दारे बंद होती. ती उघडून जॅकी रॉबिन्सन आला तो १९४७ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत, वयाच्या ३५ व्या वर्षी, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या नीग्रो लीगचा महान फटकेबाज जॉश गिब्सन वारला. त्याच्या होमरनचा लोकांत सांगितला जाणारा आकडा ८०० च्या घरातला आहे, परंतु अधिकृत नोंदीत त्याच्या एक चतुर्थांशही भरत नाहीत, कारण त्याचे असंख्य सामने लीगबाहेरचे होते. २०२४ मध्ये मेजर लीगने नीग्रो लीगची आकडेवारी आपल्या नोंदींत सामावून घेतली, तेव्हा फलंदाजीच्या सरासरीत .३७२ सह गिब्सन सर्वांच्या वर गेला. गिब्सनच्या ओळीत होमरनचा एकच आकडा लिहून पुढे जाऊ नये.

उत्तेजकांचा शेराही याच रकान्यात येतो. मॅग्वायरने २०१० मध्ये स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. बाँड्सने जाणूनबुजून ती घेतल्याचे कधी मान्य केले नाही, तरी हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधील थोरांच्या सन्मानयादीसाठी, मत देणाऱ्या पत्रकारांनी दहा वर्षांत त्याला निवडले नाही. मेजर लीगमध्ये शिक्षेसह चाचण्या २००४ मध्ये सुरू झाल्या. काही जण हे विक्रम खोडूनच टाकतात. मी ते खोडत नाही, शेजारी शेरा लिहितो, कारण त्या काळात समोरचे पिचर तरी किती स्वच्छ होते, हे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

जपानच्या सादाहारू ओह यांच्यासाठी मात्र पान उलटून नवी ओळ सुरू करावी. योमिउरी जायंट्सकडून १९५९ ते १९८० या काळात त्यांनी ८६८ होमरन मारले. तेथील मैदाने लहान आणि लीग वेगळी, म्हणून हा आकडा बाँड्सच्या ७६२ च्या डोक्यावर ठेवता येत नाही. पण १९६२ पासून सलग १३ वर्षे आपल्या लीगमध्ये होमरनमध्ये पहिले येणे कोणत्याही लीगमध्ये थोरच ठरेल. सुरुवातीला ते चाचपडत होते. मग प्रशिक्षक हिरोशी आराकावा यांनी त्यांना पुढचा पाय उचलून एका पायावर, बगळ्यासारखे, चेंडूची वाट पाहायला शिकवले. तोल साधावा म्हणून छताला टांगलेली कागदाची पट्टी तलवारीने कापण्याचा सराव दोघे करत. भाच्याने हे ऐकल्याबरोबर अंगणात एका पायावर उभे राहून पाहिले आणि तिसऱ्या सेकंदाला तुळशीवृंदावनाचा आधार घेतला.

चालू हंगामाच्या ओळी पेन्सिलने भराव्यात. न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो आणि तर्री पोह्यांची गाडी लागेपर्यंत संपत आलेला असतो. २०२५ मध्ये सिॲटलच्या कॅल रॅलीने ६० होमरन मारले. श्वारबर ५६ वर असल्याने दुसऱ्या रकान्यात फक्त ४ आले आणि भाच्याने त्याला खालच्या निम्म्यात टाकले. मी त्याला शेऱ्यांचा रकाना दाखवला. रॅली कॅचर आहे. आपल्या यष्टिरक्षकाप्रमाणे तो प्रत्येक चेंडूला उकिडवा बसतो, आणि त्याच्यापूर्वी कॅचर म्हणून खेळणाऱ्यांचा हंगामातील विक्रम ४८ चा होता. भाच्याने ओळ खोडून दोन घरे वर लिहिली. आमच्या पानावर पहिल्या क्रमांकासमोर अजूनही दोन नावे आहेत : माझ्या अक्षरात रूथ आणि त्याच्या अक्षरात ओह.