युरोपात मासळी कुठून येते, किती येते: आयातीचे आकडे स्वतः कसे बघायचे

'युरोपात आपल्या कोळंबीला मागणी वाढली, अमुक टक्के वाढ' असले मेसेज ग्रुपवर फिरत असतात, पण ती टक्केवारी वजनाची की पैशाची, कधीपासूनची, काही पत्ता नसतो. रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत ज्यांचा माकूल, कोळंबी, सुरमईशी धंद्याचा संबंध आहे त्यांनी तरी हे आकडे एकदा स्वतः उघडून बघावेत, अवघड काही नाही आणि एक पैसा लागत नाही.

दोन जागा लक्षात ठेवा. एक युरोस्टॅटचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या आकडेवारी कार्यालयाचा, कॉमेक्स्ट डेटाबेस, त्यात प्रत्येक महिन्याची आयात देशानुसार आणि मालाच्या कस्टम कोडनुसार मिळते. दुसरी युमोफा, ही युरोपियन कमिशनचीच साइट, फक्त मासळी बाजारासाठी. नवीन माणसाने युमोफाच्या वार्षिक रिपोर्टपासून सुरुवात करावी, कॉमेक्स्ट थेट उघडलात तर पहिल्या दहा मिनिटांत डोकं धरून बसाल.

आता कोड. कस्टमवाल्यांचा ०३ नंबरचा चॅप्टर म्हणजे मासळी. ०३०२ ताजी, ०३०३ फ्रोझन, ०३०४ फिलेट, ०३०६ मध्ये कोळंबी-खेकडे-शेवंड, ०३०७ मध्ये माकूल-शिंपले वगैरे, आणि डबाबंद किंवा शिजवलेला माल १६०४ आणि १६०५ मध्ये जातो, हा लोक हमखास विसरतात आणि मग ट्यूना कुठे गेला म्हणून शोधत बसतात. ०३०१ म्हणजे जिवंत मासे, त्यातले अ‍ॅक्वेरियमचे शोभेचे मासे खायचे नाहीत तेव्हा ते काढून टाका, २३०१ मधली फिशमील (खाद्यासाठीची माशांची भुकटी) पण काढा. गंमत म्हणजे बेडकाचे पाय ०३ मध्ये नाहीतच, ते ०२०८ मध्ये मांसात आहेत, युरोपात ते मुख्यतः इंडोनेशियातून येतात, आपल्याकडून जायचे पण भारताने १९८७ मध्ये ती निर्यात बंद केली.

कोड निवडला की लगेच ग्राफ काढू नका, आधी 'युरोपियन युनियनच्या बाहेरून' हा फिल्टर लावा. हे का ते सांगतो. नॉर्वे युनियनमध्ये नाही, तिथला सॅल्मन ट्रकने सीमा ओलांडून स्वीडनमध्ये येतो आणि कागदावर स्वीडनची आयात होतो, मग तोच मासा पोलंडला जातो, तिथे स्मोक होतो आणि जर्मनीत विकला जातो. तुम्ही सगळ्या देशांची आयात बेरीज केलीत तर एकच सॅल्मन तीनदा मोजला आणि स्वीडनची माणसं सकाळ-संध्याकाळ सॅल्मनच खातात असं वाटायला लागेल. नेदरलँड्सचं तसंच, रॉटरडॅम बंदरात उतरलेला माल पुढे कुठेही जातो. उलट बाजूनेही फसवणूक आहे, अलास्का पोलॉक नावाचा मासा रशिया-अमेरिकेच्या पाण्यात पकडतात, चीनमध्ये त्याचे फिलेट होतात आणि युरोपच्या तक्त्यात नाव दिसतं चीनचं.

मग येतं वजन आणि पैसे. दोन्ही कॉलम घ्या आणि युरोला किलोने भागून भाव काढा, हा तिसरा कॉलम नसेल तर ट्रेंड बघूच नका. २०२२ मध्ये युरोपची आयात पैशात जोरात वाढलेली दिसते पण वजन जवळपास तिथेच होतं, भाव चढले होते एवढंच. आपल्याकडचं उलटं उदाहरण, २०२२-२३ मध्ये भारताची एकूण मासळी निर्यात १७,३५,२८६ टन आणि ६३,९६९ कोटी रुपये, २०२३-२४ मध्ये १७,८१,६०२ टन आणि ६०,५२४ कोटी. माल जास्त गेला, पैसे कमी आले. बातमी कुठल्या बाजूने छापायची ते छापणाऱ्यावर.

वजनातही एक मेख आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. इक्वेडोर स्पेन-फ्रान्सला डोक्यासकट अख्खी कोळंबी भरपूर पाठवतो, आपला माल जास्त करून डोकं काढलेला किंवा सोललेला. सोललेली एक किलो म्हणजे मूळची साधारण दोन किलो, आता दोघांचे टन शेजारी ठेवून 'इक्वेडोर इतक्या पटीने पुढे' म्हणायला काय अर्थ आहे? पुढे आहेच तो, पण तेवढ्या पटीने नाही. युमोफा काही ठिकाणी जिवंत वजनात, म्हणजे न सोललेल्या अख्ख्या मालाच्या वजनात, रूपांतर करून देते, तक्त्याच्या वर काय लिहिलंय ते आधी वाचा.

रेषा अचानक उडी मारत असेल तर बाजार बघायच्या आधी कोड आणि नकाशा बघा. फ्रोझन माकूलचा ०३०७४३ हा कोड २०१७ पासून आला, त्याआधी तो माल ०३०७४९ मध्ये सुकवलेल्याबरोबर होता, त्यामुळे नवीन कोड टाकलात की २०१६ पर्यंत शून्य दिसतं. ब्रेक्झिटचंही तसंच, ब्रिटन बाहेर पडल्यावर तिथली मासळी 'बाहेरची' झाली, म्हणून पूर्ण काळासाठी २७ देशांचीच यादी घ्या.

एवढं झाल्यावर उरलेल्या चढउताराची कारणं शोधा. थायलंडची कोळंबी २०१२-१३ च्या सुमारास रोगाने बसली, आपल्याकडे २००९ ला परवानगी मिळालेल्या वनामी जातीच्या कोळंबीने तेव्हाच जोर धरला. २०१६ पासून युरोपने आपल्या शेततळ्यातल्या कोळंबीच्या तपासणीचं प्रमाण १० वरून ५० टक्क्यांवर नेलं, तो खर्च आणि उशीर एक्स्पोर्टरच्या डोक्यावर. व्हिएतनामला २०१७ मध्ये बेकायदा मासेमारीवरून युरोपचं यलो कार्ड, म्हणजे ताकीद, मिळाली. अशा तारखा ग्राफवर पेनाने मारून ठेवा.

आपल्या एमपीडाच्या (समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या) आकड्यांशी ताळा करायला गेलात तर तंतोतंत जुळणार नाही, घाबरू नका. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. आपली किंमत एफओबी, म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतची, त्यांची सीआयएफ, म्हणजे भाडं-विमा धरून. शिवाय मार्चमध्ये जेएनपीटीतून निघालेला कंटेनर तिकडे एप्रिलमध्ये नोंदला जातो, आणि २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या तेव्हापासून हा फरक आणखी वाढला. नाताळच्या आधी खरेदी फुगते, त्यामुळे नोव्हेंबरची तुलना ऑक्टोबरशी नको, गेल्या नोव्हेंबरशी करा.